पुरवठासाखळीचा पर्यावरणभार कमी करताना : आधी काय, नंतर काय

मुंबई आणि आसपासचे बरेच छोटे-मध्यम उद्योजक हे काम उलट्या टोकाकडून सुरू करतात. एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून प्रश्नावली येते : 'तुमचं कार्बन उत्सर्जन किती?' मग घाईघाईने बबल रॅपच्या जागी खाकी कागद येतो, ऑफिसच्या गच्चीवर दोन सोलर पॅनेल लागतात, ५ जूनला झाडं लावली जातात आणि सगळ्याचे फोटो प्रश्नावलीला जोडले जातात. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक 'मागच्या वर्षीपेक्षा किती कमी झालं?' असं विचारतं, तेव्हा दाखवायला फोटोच असतात, आकडा नसतो.

ही प्रश्नावली टळणारी नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून आपला पर्यावरण-सामाजिक अहवाल सक्तीने द्यावा लागतो. त्यांचा मोठा भार पुरवठादारांकडे असतो, म्हणून प्रश्न खाली सरकत सरकत तुमच्या टेबलावर येतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. मुलुंडला ऑफिस, भाईंदरच्या गाळ्यांत जॉबवर्कवर, म्हणजे बाहेरच्या कारागिराला मजुरी देऊन, बनवून घेतलेले स्टेनलेस स्टीलचे डबे-पातेली, भिवंडीत गोदाम, माल पुणे-नागपूर-गोव्याला आणि अधूनमधून न्हावाशेवाहून कंटेनर. उदाहरण आणि त्यातले टनाचे आकडे काल्पनिक आहेत. तुमचा माल कपडा असो, मसाला असो की औषधाच्या बाटल्या, कामाचा क्रम हाच.

१. तयारी : माणूस, वर्ष आणि कागद

आधी माणूस ठरवा. हे काम नव्याने घेतलेल्या 'सस्टेनेबिलिटी' वाल्या मुलाकडे दिलं की तो सहा महिने लोकांच्या मागे फिरत राहतो. काम खरेदी किंवा अकाउंट्स सांभाळणाऱ्याकडे द्या आणि त्या मुलाला त्याच्या हाताखाली बसवा. माहिती टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे आणि टॅलीची किल्ली अकाउंट्सवाल्याकडे आहे.

मग वर्ष ठरवा. सरलेलं आर्थिक वर्ष, एप्रिल ते मार्च, हेच तुमचं पायाभूत वर्ष; पुढची सगळी तुलना याच्याशी. कॅलेंडर वर्ष घेऊ नका, नाहीतर प्रत्येक आकडा ताळेबंदाशी जुळवताना नाकी नऊ येतील.

आता कागद. बारा महिन्यांचे एवढे गोळा करा :

- खरेदी रजिस्टर आणि जॉबवर्कची चलानं
- ई-वे बिलं (माल नेताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढायची), ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या (माल घेतल्याच्या पावत्या)
- ऑफिस, गोदाम आणि जॉबवर्करची वीजबिलं
- डिझेल, सीएनजी, गॅस सिलिंडरच्या पावत्या
- पॅकिंग साहित्याची बिलं
- भंगार विकल्याच्या पावत्या

शेवटची ओळ लोक हमखास विसरतात. भंगाराची पावती ही तुमच्या साखळीतली सगळ्यात प्रामाणिक पावती आहे; किती माल वाया गेला हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरा कुठलाच कागद सांगत नाही. भंगार रोखीने जात असेल तर आधी ते बंद करा. निदान वजन तरी वहीत लिहायला लावा.

तपासा : खरेदी रजिस्टरमध्ये रुपयांबरोबर किलोचा रकाना आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. रुपयांवरून काढलेलं उत्सर्जन पत्र्याचा भाव वाढला की वाढतं आणि पडला की कमी होतं. पर्यावरणाशी त्याचा काही संबंध उरत नाही.

२. हद्द आखा

जगभर वापरल्या जाणाऱ्या जीएचजी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे हरितगृह वायू मोजण्याच्या नियमावलीत, तीन खाती आहेत. स्कोप १ म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेलं इंधन : स्वतःचा टेम्पो, जनरेटर. स्कोप २ म्हणजे तुम्ही विकत घेतलेली वीज. बाकी सगळं, म्हणजे तुमच्या आधीचं आणि नंतरचं, स्कोप ३ मध्ये. त्याचे १५ प्रकार आहेत आणि ते पाहूनच बरेचजण फाइल मिटतात. पहिल्या वर्षी चार पुरेत : विकत घेतलेला माल आणि सेवा, मालवाहतूक, उत्पादनातला कचरा, आणि गिऱ्हाइकाच्या खर्चाने होणारी वाहतूक.

इथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली, जॉबवर्करची वीज स्कोप २ मध्ये टाकणं. गाळा त्याचा, मीटर त्याचा, कामावर ताबा त्याचा, तर ती तुमची स्कोप ३. याची उलट बाजू जास्त गंभीर आहे. पॉलिशचं काम स्वतःकडे होतं ते बाहेर दिलं, की स्कोप २ एकदम घटलेला दिसतो. कागदावर सुधारणा, प्रत्यक्षात तीच मोटर दुसऱ्या गाळ्यात फिरतेय.

दुसरी, बाहेर जाणारा सगळा माल 'डाउनस्ट्रीम', म्हणजे विक्रीनंतरच्या खात्यात, धरणं. भाडं तुम्ही भरत असाल तर ती वाहतूक अपस्ट्रीमच्या, म्हणजे खरेदीच्या बाजूच्या, खात्यात (स्कोप ३ चा प्रकार ४) येते, भले माल तुमच्याकडून बाहेर जात असो. भाडं गिऱ्हाईक भरत असेल तरच प्रकार ९. दोन्हींकडे धरलं तर दुप्पट होतं, आणि असे अहवाल मी पुष्कळ पाहिलेत.

३. एका वस्तूचा माग काढा

सगळ्या मालाचा नकाशा एकदम काढायला जाऊ नका. सगळ्यात जास्त किलो विकली जाणारी एक वस्तू घ्या. आपल्या उदाहरणात समजा तीन नंबरचा डबा.

डब्यापासून मागे जा. पॉलिशवाला कोण? त्याआधी प्रेस कुणाकडे मारला? खोल ओढलेल्या भांड्याला मध्ये तापवून नरम करावं लागतं, ती भट्टी कुणाची, आणि ती गॅसवर चालते की विजेवर? सर्कल, म्हणजे पत्र्याच्या गोल चकत्या, कुठून आले? पत्रा कुणाचा?

पत्र्यापाशी बहुतेकांचा माग तुटतो. 'खेतवाडीतल्या व्यापाऱ्याकडून' हे उत्तर नाही, व्यापारी पत्रा बनवत नाही. त्याच्याकडे पत्रा बनवणाऱ्या गिरणीचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. त्यावर गिरणीचं नाव, ग्रेड आणि हीट नंबर (कुठल्या वितळवणीतला माल, तो क्रमांक) असतो. सर्टिफिकेट मिळत नसेल तर तेही नकाशावर लिहा : 'मूळ अज्ञात'. रिकामी चौकट लपवण्यापेक्षा ती लाल पेनाने गडद केलेली बरी. पुढच्या वर्षीचं पहिलं काम तिथेच आहे.

नकाशा कागदावर काढा, आणि ऑफिसात बसून काढू नका. एक दिवस काढून चलानाच्या क्रमाने गाळ्यांमधून चालत जा. चलानावर नसलेला एखादा थांबा हमखास सापडतो : डबे पॉलिशला जाऊन, डाग राहिले म्हणून परत येऊन, पुन्हा जातात. या फेऱ्या छोट्या हत्तीतून, म्हणजे लहान टेम्पोतून, होतात, त्यांची नोंद कुठेच नसते.

४. मोजा, पण दशांशात अडकू नका

सूत्र एकच : जेवढं वापरलं × त्याचा उत्सर्जन गुणांक. कामापुरते गुणांक असे :

- डिझेल : लिटरला सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड
- एलपीजी : किलोला सुमारे ३ किलो
- ग्रिडची वीज : युनिटला सुमारे ०.७ किलो (केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी जाहीर करतं, तोच वापरा)

विजेची बिलं जमवताना लक्षात ठेवा की भाईंदरचं बिल अदानीचं, भिवंडीचं टोरंटचं आणि वसईचं महावितरणचं असेल. मांडणी वेगवेगळी, पण तुम्हाला हवा तो रकाना एकच : वापरलेले युनिट. रकमेकडे बघू नका.

जॉबवर्करकडे तुमच्याशिवाय आणखी चार पार्ट्यांचं काम असतं. त्याचं अख्खं बिल तुमच्या नावावर नको आणि शून्यही नको. त्याने वर्षात एकूण किती किलो माल काढला आणि त्यातला तुमचा किती, त्या प्रमाणात वाटून घ्या. एका मीटरवर दोन भाडेकरू असले तर आधी तेवढं वेगळं करा.

वाहतुकीसाठी ई-वे बिल हाताशी ठेवा. त्यात पिनकोडवरून काढलेलं अंतर आयतं मिळतं. पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, म्हणून मुंबई-ठाण्यातल्या छोट्या डिलिव्हऱ्या त्यात दिसणार नाहीत. त्यांच्यासाठी टेम्पोवाल्याची डायरी, तीही नसेल तर महिन्याच्या भाड्यावरून अंदाज.

आता आपलं उदाहरण मांडून बघू. समजा वर्षाला १२० टन पत्रा लागतो आणि साध्या अंदाजासाठी टनाला २ टन उत्सर्जन धरलं, तर २४० टन. जॉबवर्कची वीज ६०,००० युनिट, म्हणजे ४२ टन. भट्टीचा गॅस ४ टन, म्हणजे १२ टन. वाहतुकीचं डिझेल ६,००० लिटर, म्हणजे १६ टन. पुठ्ठा-प्लास्टिक मिळून समजा १० टन. ऑफिस-गोदामाची वीज १०,००० युनिट, ७ टन.

बेरीज ३२७ टन, आणि त्यातला जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग एकट्या पत्र्याचा. बबल रॅप, गच्चीवरची पॅनेलं आणि झाडं या सगळ्यांची मारामारी शेवटच्या १७ टनांत चाललेली असते.

सावधान : स्टेनलेसचा 'टनाला २ टन' हा आकडा अहवालात जसाच्या तसा ठोकू नका. भंगार वितळवून केलेलं स्टेनलेस आणि खाणीतल्या खनिजापासून, कोळशावर काढलेलं निकेल घालून केलेलं स्टेनलेस, यांच्या उत्सर्जनात कित्येक पटींचा फरक पडतो. खरा आकडा गिरणीकडूनच यायला हवा. मिळेपर्यंत 'अंदाज' असं शेजारी लिहा.

५. पहिला घाव पत्र्यावर

मोठा आकडा जिथे आहे तिथे आधी हात घालायचा. आणि स्वच्छ पत्रा कुठे मिळतो हे शोधण्याआधी, कमी पत्र्यात काम भागतं का ते बघायचं. हा क्रम उलटा करू नका, कारण न लागलेल्या पत्र्याला सर्टिफिकेट लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत.

डबा-पातेल्याच्या धंद्यात वाया जाण्याची मोठी जागा म्हणजे सर्कल कापणं. चौकोनी तुकड्यातून गोल काढला की चारही कोपरे जातात. हे हिशेबाने बघा : चौकोनात बसणाऱ्या मोठ्यात मोठ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ चौकोनाच्या ७८.५ टक्के. उरलेले २१.५ टक्के कोपरे म्हणजे कतरण. कडेची पट्टी आणि कापातली फट धरली तर उपयोगी भाग ७५ टक्क्यांच्या आसपास येतो. तेच सर्कल रुंद पट्टीतून आडव्या रांगांनी, दुसरी रांग पहिल्या रांगेच्या खाचेत सरकवून कापले, तर भूमितीची कमाल मर्यादा ९०.७ टक्क्यांपर्यंत जाते. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही. पण समजा ७५ चे ८२ टक्के झाले. १०० किलो सर्कलसाठी आधी १३३ किलो पत्रा लागत होता, तो आता १२२ किलो लागेल. टनभर सर्कलमागे १०० किलोहून जास्त पत्रा वाचला. इतका फरक पॅकिंगमध्ये काहीही केलं तरी पडणार नाही.

अडचण कुठे येते? हाताने फिरवायच्या कटरवर एकेक चौकोन धरून सर्कल कापणाऱ्याला ही मांडणी जमत नाही. त्याला पट्टीवर चालणारा ब्लँकिंग प्रेस (पत्र्यातून एका दाबात चकती कापणारं मशीन) आणि डाय, म्हणजे साचा, लागतो. म्हणून प्रत्येक जॉबवर्करला हे सांगत बसू नका. तयार सर्कल विकणाऱ्या, अशी मशीन असलेल्या एकाकडे सगळ्या मापांचं काम एकत्र द्या. मोठ्या सर्कलच्या कतरणीतून छोट्या झाकणांचे सर्कल निघतात का तेही त्याच्याकडूनच काढून घ्या.

यानंतर क्रमाने :

अ. जाडी. डिझाइनमध्ये ०.६ मि.मी. लिहिलंय ते का, हे एकदा विचारा. पुष्कळदा उत्तर 'पहिल्यापासून तसंच आहे' एवढंच असतं. मात्र जाडी कमी केल्याने डबा पोचे पडून दोन वर्षं आधीच बाद झाला, तर काहीच साधलं नाही.

ब. रिजेक्शन. पॉलिशनंतर बाद झालेल्या डब्यात पत्रा, वीज, भट्टीचा गॅस, वाहतूक सगळं मुरलेलं असतं. तपासणी पॉलिशआधी, प्रेसनंतर लगेच ठेवा.

क. कतरण वेगळी ठेवा. ग्रेडप्रमाणे वेगळी ठेवलेली स्टेनलेसची कतरण पुन्हा स्टेनलेसच्या भट्टीत चांगल्या भावाने जाते. साध्या लोखंडात मिसळली की भावही गेला आणि त्यातलं निकेल-क्रोमियमही वाया गेलं.

सावधान : 'कतरण भंगारात जाते, म्हणजे वाया गेलीच नाही' हा युक्तिवाद मान्य करू नका. ती पुन्हा वितळवायला वीज लागते, पुन्हा पत्रा लाटावा लागतो, पुन्हा ट्रक लागतो.

एवढं झाल्यावर मग गिरणीशी बोला : तुमच्या पत्र्यात भंगाराचा हिस्सा किती, वीज कुठली, टनाला उत्सर्जन किती आणि ते कुणी तपासलंय. व्यापाऱ्यामार्फत थोडा थोडा माल घेणाऱ्याला गिरणी दाद देत नाही, हे खरं आहे. त्यावर भाईंदरसारख्या ठिकाणी उपाय म्हणजे दोन-चार पार्ट्यांनी मिळून एकाच व्यापाऱ्याकडे, एकाच गिरणीचा माल मागणं.

युरोपला निर्यात असेल तर हे काम ऐच्छिक उरत नाही. युरोपीय संघाच्या सीमेवरच्या कार्बन करात, म्हणजे सीबॅममध्ये, लोखंड-पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या ठरावीक वस्तू येतात. नट, बोल्ट, स्क्रूसुद्धा. माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ पासून चालू झाला आणि पैसे मोजण्याचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून. तुमचा एचएस कोड, म्हणजे आयात-निर्यातीत मालाला दिलेला क्रमांक, यादीत आहे का, हे खरेदीदाराकडून लेखी घ्या.

६. जॉबवर्कर आणि पुरवठादार : प्रश्नावली पाठवू नका, जा

साठ प्रश्नांची इंग्रजी एक्सेल शीट गाळ्यात पाठवली की दोनपैकी एक होतं. उत्तरच येत नाही, किंवा मालकाचा पुतण्या सगळीकडे 'येस' लिहून पाठवतो. दुसरं जास्त वाईट.

एक पान पुरे, मराठीत किंवा हिंदीत. त्यावर एवढंच : बारा महिन्यांच्या वीजबिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर, गॅस किंवा डिझेल किती, महिन्याला एकूण किती किलो माल काढता, पाणी नळाचं की टँकरचं, आणि कचरा कुणाला देता.

ज्याच्याकडे ॲसिडची टाकी किंवा प्लेटिंग आहे, त्याच्याकडे स्वतः जा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र बघा आणि त्यावरची मुदत वाचा. संमतिपत्रातली उत्पादनाची मर्यादा आणि प्रत्यक्ष काम यांत फार तफावत असेल तर विचारा. टाकीतला गाळ कुठे जातो, हा पुढचा प्रश्न. घातक कचरा अधिकृत केंद्राकडे गेला असेल, उदाहरणार्थ तळोज्याच्या, तर त्याचा फॉर्म १० मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याचा कागद, असतोच. 'एक माणूस येऊन घेऊन जातो' हे उत्तर आलं तर नकाशावर लाल खूण करा. कार्बनच्या हिशेबात हा गाळ कुठेच दिसत नाही; नाल्यात दिसतो. कार्बनचा आकडा खाली आला म्हणून साखळी सुधारली असं मानणाऱ्यांची मोठी चूक इथेच होते.

त्रुटी सापडली की लगेच काम काढून घ्यायचं का? बेकायदा गोष्ट असेल आणि तो ती थांबवायला तयार नसेल, तर हो. बाकी वेळी नको. तुम्ही काम काढलंत तर तुमचा अहवाल स्वच्छ होतो, त्याची जुनी मोटर दुसऱ्या पार्टीसाठी फिरत राहते. मुदत द्या, तारीख लिहा, आणि बदलाचा खर्च कसा वाटायचा ते आधी बोला.

आणि पैसे वेळेवर द्या. पर्यावरणाच्या लेखात हा मुद्दा कशाला, असं वाटेल. चार-चार महिने बिल अडकवून ठेवणाऱ्या पार्टीने 'मोटर बदला, भट्टी बदला' म्हटलं तर गाळेवाला तोंडावर हो म्हणतो आणि मागे हसतो. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचं देणं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकवायचं असतं. ते न पाळल्यास आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच वजा मिळतो. वेळेवर पैसे मिळणारा जॉबवर्करच तुम्हाला खरी वीजबिलं दाखवतो.

तपासा : ठरलेल्या गोष्टी परचेस ऑर्डरमध्ये उतरल्या का? कतरणीची टक्केवारी, टेस्ट सर्टिफिकेट, कचऱ्याची पावती. तोंडी ठरलेलं दिवाळीच्या गर्दीत पहिलं विसरलं जातं.

७. वाहतूक : आधी फेऱ्या, मग भरती, मग रस्ता, शेवटी इंधन

इलेक्ट्रिक टेम्पो घेणं ही या टप्प्यातली शेवटची पायरी आहे. बहुतेकजण ती पहिली चढतात, कारण तिचा फोटो चांगला येतो.

साधा हिशेब. समजा डिझेलचा छोटा टेम्पो लिटरला १५ किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला सुमारे १८० ग्रॅम. तेवढाच इलेक्ट्रिक टेम्पो युनिटला ५ किलोमीटर जातो असं धरलं, तर ग्रिडच्या विजेवर किलोमीटरला १४० ग्रॅम. फायदा आहे, शिवाय गल्लीतला धूर जातो. पण दादरच्या दोन दुकानांना मंगळवारी आणि गुरुवारी वेगवेगळ्या फेऱ्या करण्याऐवजी एकच फेरी केली, तर डिझेलवरच उत्सर्जन निम्म्याच्या जवळ येतं. म्हणून विक्रीवाल्यांना आधी आवरा. 'आजच्या आज पाठवतो' हे वाक्य फुकट नसतं. विभागवार वार ठरवून द्या. अवजड गाड्यांना शहरात गर्दीच्या वेळी बंदी असते ती वेळही त्याच तक्त्यात लिहा, नाहीतर गाडी नाक्यावर इंजिन चालू ठेवून उभी राहते.

मग भरती. भिवंडी ते पुणे सुमारे १४० किलोमीटर. ट्रक लिटरला ५ किलोमीटर धरला तर २८ लिटर, ७५ किलो उत्सर्जन. १० टन माल असेल तर टनाला साडेसात किलो, ४ टन असेल तर जवळजवळ १९. डबे-पातेल्यांचा त्रास असा की गाडी वजनाने भरण्याआधी जागेने भरते. म्हणजे तुम्ही हवा वाहून नेता. डब्यात डबा बसवून, झाकणं वेगळ्या थप्पीत ठेवून पॅक केलं तर त्याच गाडीत किती जास्त माल मावतो ते एकदा गोदामात हमालांसमोर करून बघा. मध्ये पातळ कागद लागतो, नाहीतर पॉलिशवर ओरखडे येतात.

परतीचा माल हा ट्रान्सपोर्टवाल्याचा प्रश्न आहे असं म्हणून सोडून देऊ नका. पुण्याहून पुठ्ठ्याचे बॉक्स येत असतील तर तीच गाडी वापरता येईल का ते विचारा.

रस्ता बदलता येतो का? जकात असताना आखलेले मार्ग आणि गोदामं अजून तशीच चालू असलेल्या कंपन्या आहेत. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला गेली. भाईंदरहून भिवंडीला जाऊन पुन्हा बोरिवलीला येणारा माल थेट का जात नाही, याचं उत्तर शोधा. गोवा-मंगळूरचा माल असेल तर कोकण रेल्वेची रो-रो सेवा आहे : भरलेला ट्रक कोलाडला रेल्वेच्या वाघिणीवर चढतो आणि वेर्णा किंवा सुरतकलला उतरतो. तेवढं अंतर डिझेल जळत नाही आणि घाटातलं इंजिन तापवणंही टळतं.

निर्यातीत एकच गोष्ट सांभाळा : विमान. टन-किलोमीटरला विमानाचं उत्सर्जन जहाजाच्या कित्येक दहापट असतं. वर्षाचे सगळे कंटेनर समुद्राने गेले आणि एक उशिरा झालेली ऑर्डर सहारहून विमानाने गेली, तर वर्षभराची बचत त्या एका खेपेत जाऊ शकते. उपाय वाहतुकीत नाही, उत्पादनाच्या वेळापत्रकात आहे. जून-जुलैमध्ये पाणी तुंबून बुडणारे दिवस त्यात आधीच धरा.

८. पॅकिंग आता घ्या

आधी कमी करा, मग बदला. बॉक्समध्ये बॉक्स आणि त्यावर स्ट्रेच फिल्म असेल, तर फिल्मला पर्याय शोधण्याआधी आतला बॉक्स लागतो का ते बघा.

प्लास्टिक काढून कागद आणताना मुंबईत एक चाचणी सक्तीची समजा : पावसाळ्याची. जानेवारीत उत्तम टिकलेला पातळ पुठ्ठा आणि कागदी टेप जुलैमध्ये भिवंडीच्या ओल्या गोदामात तिसऱ्या थराखाली बसतो. मग माल परत येतो, पुन्हा पॅक होतो, पुन्हा जातो. नवीन बॉक्स महिनाभर गोदामात, खालच्या थरात, पावसाळ्यात ठेवून मगच मोठी ऑर्डर द्या.

'विघटनशील' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्यांपासून जपून. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याकडे त्याची प्रत मागा. आणि अशी पिशवी साध्या प्लास्टिकच्या भंगारात मिसळली तर पुनर्वापरवाल्याचा घाणा बिघडतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. प्लास्टिक पॅकिंगची विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे ईपीआर (आपल्या पॅकिंगचा कचरा मार्गी लावण्याची जबाबदारी), २०२२ च्या नियमांनी बांधलेली आहे. ब्रँडमालक सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत नसेल तर त्याने केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची. मालाबरोबर प्लास्टिक पॅकिंग आयात करणाऱ्यालाही नोंदणी लागते. २०२५-२६ पासून पॅकिंगमध्ये पुनर्वापरित प्लास्टिकचा हिस्साही ठरवून दिला आहे; त्या पहिल्या वर्षासाठी तो असा : कडक प्लास्टिकमध्ये ३० टक्के, लवचीक प्लास्टिकमध्ये १०, आणि प्लास्टिकेतर थर असलेल्या बहुस्तरीय पॅकिंगमध्ये ५. पॅकिंग पुरवठादाराच्या बिलावर हा हिस्सा लिहून घ्या.

९. दावा करण्याआधी

बॉक्सवर हिरवं पान आणि 'पर्यावरणस्नेही' छापायची घाई असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं अशा मोघम शब्दांना पुराव्याशिवाय परवानगी देत नाहीत. 'हा डबा पर्यावरणस्नेही' ऐवजी 'या बॉक्समध्ये इतके टक्के पुनर्वापरित पुठ्ठा' असं लिहा, आणि त्याचं बिल फाइलला लावून ठेवा. दावा बॉक्सचा आहे की आतल्या डब्याचा, हेही स्पष्ट दिसलं पाहिजे.

गिऱ्हाइकाला आकडा देताना दोन द्या : एकूण टन, आणि विकलेल्या दर किलो मालामागे किती. नुसता एकूण दिला तर धंदा मंदावल्याचं श्रेय पर्यावरणाला जातं. नुसता दर किलोचा दिला तर विक्री दुप्पट झाल्याने वाढलेला एकूण भार झाकला जातो.

दुसऱ्या वर्षी मोजताना गुणांक आणि पद्धत पहिल्या वर्षीचीच ठेवा. गिरणीकडून पत्र्याचा खरा आकडा मिळाला असेल तर तो फक्त नव्या वर्षाला लावू नका. त्याच गिरणीचा माल मागच्या वर्षीही घेतला असेल तर मागचं वर्षही त्या आकड्याने पुन्हा काढा आणि 'सुधारित' अशी तारखेसह नोंद करा. गिरणीच बदलली असेल तर जुना आकडा तसाच राहू द्या आणि फरक कशामुळे पडला ते शेजारच्या रकान्यात लिहा. कच्चं काम, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या बिलांचे फोटो, गाळेवार फोल्डर करून ठेवा. तपासणीस आला तर तो बेरीज बघत नाही, मधलंच एखादं बिल उघडून 'हे दाखवा' म्हणतो.